काजळीवरचं जातं

टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हललं, आणि पेनाला टोपण घालायच्या आधी मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून सतरा मिनिटं. डाव्या तळहातावर मी ते लिहूनही टाकलं. मग लक्षात आलं, की अख्ख्या हॉलमध्ये मी एकटाच उभा आहे, माझी खुर्ची मागे आडवी झाली आहे आणि चौदा कारकून माना वर करून माझ्याकडे पाहत आहेत. हेडक्लार्क श्रीकृष्णराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "बसा राठोड, बसा. गोधनी रोडले विहिरीचं काम चालू हाये. सुरुंग लावला असन कोनीतरी." कोणीतरी मागून म्हणालं, "भूकंपरावांनी टाइम घेतला का पन?" आणि सगळे हसले. मीही हसलो. यवतमाळला येऊन मला सात महिने झाले होते आणि हसण्यात सामील व्हायचं मी शिकलो होतो. खुर्ची उचलली, बसलो, पाणी प्यायलो. पाणी आता अगदी गप्प होतं. पण तळव्यावरची शाई घामानं पसरत गेली आणि दुपारपर्यंत त्या आकड्यांचा निळा डाग तेवढा राहिला. या गावाची जमीन काळी आणि जाड आहे, उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, पण ती कधी हलत नाही. श्रीकृष्णरावांना याचा अभिमान आहे. त्यांच्या तीन पिढ्या याच कचेरीत गेल्या, आणि जमीन न हलण्यात आपल्या घराण्याचाही थोडा हात आहे अशा थाटात ते ती गोष्ट सांगतात.

मला भूकंपराव म्हणायचं कारण असं, की चार वर्षं मी घाटाखाली, कोकणात, एका खाडीवरच्या टेकडीला भूकंपमापक यंत्राचा राखणदार होतो. हुद्द्याचं नाव मोठं होतं, काम राखणीचं. गेल्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला, आमच्या टेकडीवरही झाला, त्यानंतर मी अर्ज करून आपल्या जिल्ह्यात बदली मागून घेतली. आता वरून सगळ्या जिल्ह्यांना एक इंग्रजी परिपत्रक आलं होतं, भूकंपाच्या वेळी जनतेने घ्यावयाची खबरदारी, आणि ते सोप्या मराठीत उतरवायचं काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. फळीवर जड भांडी ठेवू नयेत. दाराला आतून कडी घालू नये, चौकट वाकली की कडी निघत नाही. कंदील अंथरुणापासून दूर ठेवावा. मी भराभर लिहीत गेलो, हे सगळं मला तोंडपाठ होतं. आठव्या कलमाशी अडलो. घरातील वृद्ध व आजारी माणसांची निजण्याची सोय शक्यतो घराबाहेर, हलक्या छपराखाली करावी. हे वाक्य मी सहा वेळा लिहिलं आणि सहा वेळा खोडलं. त्यात अवघड असं काहीच नव्हतं. श्रीकृष्णराव येऊन डोकावले, म्हणाले, "कायले येवढं घासून राह्यले? इथं कोन वाचनार हाये?" शनिवार होता, कचेरी अर्धा दिवस. मी कागद पेटीत टाकला आणि दिग्रसची एसटी धरायला निघालो.

जायचं आठ दिवसांपासून टाळत होतो. आमच्या तांड्यावरचा लखीराम कापसाच्या गाडीबरोबर यवतमाळला आला होता, तो खोलीवर येऊन माझ्या थोरल्या बहिणीचा, जमनीचा निरोप देऊन गेला. दिवाळीच्या अवसेला आमच्यात गेलेल्या माणसांच्या नावानं चुलीतल्या निखाऱ्यांवर घास टाकतात, त्याला धबुकार म्हणतात. आई गेल्यावरची ही पहिली दिवाळी. जमनीनं सांगून पाठवलं होतं, "भावसिंगले म्हनाव, याडीनं शेवटी काय खाल्लं ते येऊन सांग. मी तेच टाकीन." निरोप एवढाच. लखीराम चहा पिऊन गेला आणि मी तिथंच खाटेवर बसून राहिलो. आईला आम्ही याडी म्हणतो. शेवटी तिनं काय खाल्लं हे मला माहीत होतं, आणि जमनीला मी दहा महिन्यांपूर्वी खोटं सांगितलं होतं. आता तिच्या चुलीपुढे बसून तेच खोटं निखाऱ्यावर टाकायचं, की खरं सांगून तिच्याजवळ असलेलं एकुलतं समाधान काढून घ्यायचं, एवढाच प्रश्न होता, आणि आठ दिवसांत तो एका बोटानंही पुढे सरकला नव्हता.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. दारव्ह्याच्या वाटेला दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती, कणसं भरलेली, आणि वाऱ्यानं तिची पाती एकमेकांवर घासत होती. मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की मला अजूनही तो कागद दिसतो. तो काळा कागद. रोज सकाळी आठ वाजता एक नवा पांढरा, गुळगुळीत कागद यंत्राच्या नळकांड्यावर ताणून बसवायचा, खाली रॉकेलचा मोठ्या वातीचा दिवा धरायचा आणि नळकांडं हळूहळू फिरवत त्यावर काजळी धरायची. घाई केली तर कागद करपतो, उशीर केला तर काजळी जाड होऊन सुई अडते. एकसारखी, मखमली, बोट लावायची हिंमत होऊ नये अशी काजळी धरणं मला दीड महिन्यात जमलं. मग सुई टेकवायची. नळकांडं दिवसभर फिरत राहतं आणि सुई काजळी खरवडत पांढरी रेघ ओढत जाते, बारीक, सरळ, एकाखाली एक. जमीन हलली की रेघ थरथरते. दुसऱ्या दिवशी कागद काढायचा, कुठं काय झालं ते टाचणीनं काजळीतच कोरायचं, आणि मग तो लाखेच्या पातळ द्रावणातून बुडवून दोरीवर वाळत घालायचा. एकदा लाख बसली की ती काजळी पुसत नाही आणि त्यावरचं अक्षर बदलता येत नाही. त्या खोलीत नेहमी लाखेचा आणि स्पिरिटचा वास असे, आणि खालून खाडीचा. भरतीच्या वेळी त्या वासांनी डोकं हलकं व्हायचं. तांड्यावरचा पोरगा, मॅट्रिक झालेला, पृथ्वीची नाडी बघत बसला आहे असं मला वाटायचं, आणि ते वाटणं मला फार आवडायचं. खरं सांगायचं तर मी थोडा फुगलो होतो.

दुसऱ्या वर्षी बाप वारला आणि याडीला मी तिकडे घेऊन गेलो. मानीबाई तिचं नाव. लोकांसमोर मी तिला आई म्हणायला लागलो होतो, ते तिनं न बोलता चालवून घेतलं. अंगात काचा लावलेली चोळी, दंडापर्यंत चुडे, घेरदार लाल घागरा. खाडीवरची माणसं पहिल्या दिवशी दारं उघडून बघत राहिली. तिनं येताना एक गोणी ज्वारी आणि एक जातं आणलं होतं. जातं! बोरीबंदरला हमालानं गोणपाटातलं ते ओझं उचललं आणि मला शिव्या दिल्या. तिचा आजा, म्हणजे माझा पणजा, बैलांच्या पाठीवर मीठ लादून घाट चढायचा. याच बाजूला यायचे ते लोक, चार-चार महिने वाटेत. म्हणून तिला समुद्र बघायची फार घाई होती. पहिल्याच संध्याकाळी ती खाडीच्या कडेला गेली, ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकलं. मग बराच वेळ त्या पसरलेल्या पाण्याकडे पाहत म्हणाली, "येवढं मीठ पडून राह्यलं, अन् न्यायले कोनीच नाही." मला तेव्हा हसू आलं. गाडीच्या खिडकीशी ते वाक्य आठवलं आणि मी खिडकीच्या फटीशी तोंड नेलं. शेजारच्या माणसानं विचारलं, "मळमळते का? खिडकी घ्या पुरी." मी खिडकी पुरी उघडली.

तिला भात चालत नसे. म्हणजे खाई, पण जेवल्यासारखं वाटत नाही म्हणे. मला मात्र तिकडच्या भाताची आणि माशाच्या कालवणाची चटक लागली होती. म्हणून ती रोज दोन स्वयंपाक करी, माझा भात आणि तिची भाकर; गोणी सरत आली की जमनी तांड्यावरून ज्वारी धाडायची. पहाटे चारच्या सुमाराला उठून ती दळायला बसे आणि दळताना आमच्या बोलीतली गाणी म्हणे, अगदी हळू, निजलेल्या साहेबांची झोपमोड होऊ नये म्हणून. साहेब म्हणजे मी. जातं यंत्रापासून तीस पावलांवर होतं. ती आल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून कागदावर पहाटेच्या जागी एक बारीक, दाट थरथर दिसायला लागली, चार ते पावणेपाच, मधे एखादा खंड. मी घाबरलो. दोन दिवसांनी उमगलं तेव्हा एकटाच खो खो हसलो. तिच्या हाताचे फेरे, दाणे टाकायला थांबलेला हात, मधेच पदरानं घाम पुसणं, सगळं काजळीवर उमटत होतं. तपासणीला वरचे साहेब आले, त्यांनी बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "आई दळते, साहेब." ते इतके हसले की डोळे पुसायला लागले. म्हणाले, "लिहीत जा तिथं. नाहीतर वरच्या कचेरीत कोणी घाबरून जाईल." तेव्हापासून मी रोज टाचणीनं त्या थरथरीशेजारी कोरायला लागलो: जातं. काळ्यावर पांढरं, दोन अक्षरं. पृथ्वीच्या वहीत माझ्या आईची रोजची सही पडते असं मी मित्रांना सांगायचो. काही दिवसांनी तर मी न बघताच कोरायला लागलो. पहाटे चारच्या पुढे काही हललं की ते जातंच असणार, त्यात बघायचं काय.

सप्टेंबरात मोठा धक्का बसला आणि तिथून सगळं गाव अंगणात आलं. लोकांनी बांबू रोवले, वर माडाच्या झापांचे मांडव घातले आणि त्याखाली संसार मांडले. पाळणे, ट्रंका, देव्हारे, शिवणाची मशिनं. शेजारच्या विमलताई शाळेत मास्तरीण होत्या, त्या मुलांना मांडवातच शिकवायच्या आणि दिवसातून दोनदा सगळ्यांना ओळीनं पळायला लावायच्या. मुलांना त्याची इतकी गोडी लागली की ती धक्क्याची वाट बघायची. त्या दिवसांत एक वेगळीच शांतता होती, सगळ्यांची घरं उघडी आणि कोणी कोणाचं काही नेत नव्हतं. आमच्या क्वार्टरपुढेही मी मांडव घातला. चूल बाहेर आली, जातं बाहेर आलं. याडी खूष होती. लहानपणी ती पालांत राहिलेली, झापांखाली निजायला मिळालं तर तिला माहेरी आल्यासारखं झालं. विमलताईंना ती सांगायची, "तुमची घरं भारी, म्हनून तुमाले भेव. आमच्या डोक्यावर काय पडंन? चांदनं." मला मात्र वरून हुकूम आला होता, रात्रंदिवस यंत्रापाशी राहा. त्या खोलीवर सिमेंटचा स्लॅब होता. मी तिथंच निजायचो, तिथंच जेवायचो. याडी डबा आणून उंबऱ्यावर ठेवायची. आत यायची नाही, तिच्या चालण्यानं रेघ हलते हे मीच तिला सांगितलं होतं.

डिसेंबर लागला. धक्के मंदावले, थंडी पडली, पहाटे झापांतून दव गळायला लागलं. एकेक करून माणसं आत निजायला गेली. याडीला खोकला झाला होता, तीही रात्रीपुरती आत जाऊ लागली, पण पहाटे चारला उठून बाहेर मांडवात जात्यापाशी बसायची. अशातच एके दुपारी डबा ठेवताना ती दारातून म्हणाली, "जमनीले एक कारट टाक. जवारी सरत आली." मी कागद लाखेत बुडवत होतो. ते काम अर्ध्यात सोडता येत नाही. "टाकतो," म्हणालो. संध्याकाळी आठवणीनं पोस्टकार्ड काढलं, त्यावर जमनीचा पत्ता लिहिला, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा यवतमाळ, आणि तेवढ्यात घड्याळाची किल्ली द्यायची वेळ झाली. कार्ड नोंदवहीत ठेवून दिलं. पुढे रोज त्या वहीत मी लिहीत होतो, म्हणजे रोज ते माझ्या हाताखाली होतं. ती पुन्हा म्हणाली नाही. मी विसरलो असेन असं तिला वाटलंच नसणार. पोरगा एवढा मोठा हुद्देदार, जमीन हललेली कळते त्याला, ज्वारी संपलेली कळणार नाही का.

त्या पहाटेबद्दल मला फार सांगता येत नाही. यंत्राच्या खोलीत मी अंथरुणावर उठून बसलो तेव्हा सगळं आधीच चालू होतं. सुई एकदा या टोकाला गेली, एकदा त्या, आणि मग नळकांड्यावरून उडून पडली. खालून एक आवाज येत होता, तो कानाला येत नव्हता, दातांना येत होता. आणि मी काय केलं, तर घड्याळ पाहिलं. चार वाजून एकवीस मिनिटं. टाचणी उचलून मी ते काजळीत कोरलं. नीट कोरलं, आकडे वेडेवाकडे नाहीत. त्यानंतर पळालो. चांदणं होतं की नव्हतं आठवत नाही. आठवतो तो मांडव, जसाच्या तसा उभा, एक झापही निसटलेलं नाही, आणि त्याखाली जातं, त्याच्यापाशी तिचा बसायचा पाट. पाटावर कोणी नव्हतं. मागची चिऱ्यांची भिंत आणि कौलं मात्र आत बसली होती. मी मांडवात तिला हाका मारत राहिलो. ही तिची दळायची वेळ होती, ती तिथं असायलाच हवी होती, म्हणून मी कितीतरी वेळ त्या रिकाम्या मांडवातच तिला शोधत होतो. गावातल्या माणसांनी चिरे उपसले.

चौथ्या दिवशी सामान बांधायचं म्हणून मी जात्याचा वरचा दगड उचलायला गेलो, तर त्याच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं होतं. चांगलं तयार घर, वाळून टणक झालेलं. फिरत्या जात्यात माशी घर करत नाही. मी ते नखानं खरवडत बसलो. विमलताई मागे येऊन उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "पाच दिवस जात्याचा आवाज नव्हता हो राठोड. मी विचारलं, बरं नाही का, तर म्हणाल्या, पीठ आहे अजून. पण मला दिसायचं ना, पेजच घ्यायच्या वाटीभर." ज्वारीचा डबा ढिगाऱ्यातून निघाला होता. तो मी उघडला. तळाशी थोडा कोंडा होता. मग मी यंत्राच्या खोलीत गेलो आणि दोरीवरचे मागचे कागद काढले. पाच कागद, पाच पहाटा. पाचांवरही चारच्या पुढे बारीक थरथर होती, आणि पाचांवरही, माझ्या वळणदार अक्षरात, लाखेखाली, न पुसण्यासारखं, लिहिलं होतं: जातं. ते जातं नव्हतं. जमीनच होती ती, आतल्या आत हलत असलेली. साहेब नंतर फार माणुसकीनं वागले. म्हणाले, एवढ्याशा थरथरीवरून कोणालाच काही सांगता आलं नसतं, उगीच जिवाला लावून घेऊ नका. त्यांना वाटलं मला भूकंप चुकल्याचं दुःख आहे. मी तसंच वाटू दिलं. भूकंप चुकला तर चुकला, तो मोठमोठ्यांना चुकतो. पण जातं थांबलं होतं, पाच दिवस ती वाटीभर पेजेवर होती, आणि दळण नाही म्हणून त्या पहाटे उठून बाहेर आली नाही, खोकत आतच पडून राहिली. ते कळायला यंत्र लागत नव्हतं. तीस पावलं चालत जावं लागत होतं.

तेराव्याला तांड्यावर आलो तेव्हा जमनीनं रडणं थांबवून एकच गोष्ट विचारली होती, "मी धाडलेली जवारी पुरली का तिले?" आणि मी म्हणालो होतो, "पुरली." तिचा चेहरा असा काही निवळला, की आपण चांगलं काम केलं असंच मला वाटलं. नंतर लखीरामकडून कळलं, ती सगळ्यांना सांगते, माझी याडी परमुलुखात मेली, पण माझ्या वावराचा घास खाऊन मेली.

दिग्रसला उतरलो. ओळखीच्या सायकलवाल्याकडून सायकल घेतली आणि दीड कोस कच्च्या रस्त्यानं तांड्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. जमनी अंगण सारवून हात धूत होती. मला पाहून म्हणाली, "आला का? वाळून गेला रे. काहून, तिथं खानावळीत खाऊ नाही घालत का?" आम्ही भावंडं आमच्या बोलीत बोलतो, पण तिचा नवरा हरिसिंग बाजारपेठेत वावरणारा, त्याच्यामुळे घरात वऱ्हाडीच जास्त. हरिसिंग वावरात गेला होता. घरात आम्ही दोघंच होतो. तिनं मला पाटावर बसवलं आणि सूप पुढे ओढलं. सुपात नव्या ज्वारीचे दाणे होते, पहिल्या कणसांचे, मोत्यासारखे पांढरे. ती ते निवडत होती. "सोमवारी अवसेले यायचीच भाकर करतो म्हनलं," ती म्हणाली. "तिले शेवटी भाकरच असंन ना? संगं काय होतं? मिरची का चून?"

मी सुपाकडे पाहत बसलो. चून, म्हणजे पिठलं, म्हणावं. चून म्हटलं की संपलं. सोमवारी ती भाकरीवर चून घालून निखाऱ्यावर टाकेल, गूळ घालेल, तूप सोडेल, वास सुटेल, सगळी हात जोडतील आणि याडी ते घेईल की नाही ते याडी जाणे. एका शब्दात माझी सुटका होती आणि जमनीचीही. तो शब्द माझ्या जिभेवर तयार होता, कोरायला घेतलेल्या टाचणीसारखा. आणि त्याचीच मला भीती वाटली. न बघता लिहायची माझी खोड मला ओळखू आली.

"बाई," मी म्हणालो, "जवारी सरलती."

तिचा हात सुपात थांबला.

"पाच दिवस आधी सरलती. तिनं मले सांगतलं होतं तुले कारट टाकाले. मी टाकलं नाही. तेराव्याले तुले खोटं बोललो मी."

मग मी सगळं सांगितलं. कागद, काजळी, सुई, पहाटेची थरथर, पाच वेळा कोरलेलं जातं, माशीचं घर, पाटावर ती नव्हती ते. सांगताना माझा आवाज अगदी सपाट येत होता, परिपत्रक वाचल्यासारखा, आणि त्याची मला लाज वाटत होती. अंगणात एक कोंबडी सारवलेल्यावर पाय उमटवत गेली, जमनीनं तिला हाकललं नाही. माझं संपल्यावर ती म्हणाली, "दळताना ती गायची ना रे?"

"गायची."

"मंग ते गानं कागदावर येत नोयतं का?"

"गानं येत नाही कागदावर."

"कानात तं येते." ती म्हणाली. "पाच दिवस तुह्या कानात आलं नाही, अन् तुले वाटलं जातं चालू हाये?"

ती रागावून ओरडली असती, सूप अंगावर फेकलं असतं, तर मी ते आनंदानं घेतलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. तिनं सुपातले दाणे दोन्ही हातांनी गोळा केले, डब्यात ओतले, डब्याला झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवून दिला. मग पाठमोरी उभी राहून ती रडली, आवाज न करता, खांदे तेवढे हलत होते. मी पाटावरून उठलो आणि तिच्यापाशी गेलो. हात लावायचा धीर झाला नाही. तशीच दोघं उभी राहिलो. पदरानं तोंड पुसून ती वळली तेव्हा तिचा आवाज रोजचा होता, फक्त थकलेला.

"पेज म्हनजे तांदुळाची ना?"

"हो."

"आमच्या घरी तांदूळ नसतात. उद्या दिग्रसचा बाजार हाये, अदपाव घेऊन ये. मोठे नको आनू, तिकडचे असतात तसे आन." मी मान हलवली. ती चुलीपाशी बसली, एक लहान पातेलं हातात घेऊन त्याच्यात बघत राहिली. आमच्याकडे कधी कोणी पेज केली नव्हती. "कशी करत होती ती?" तिनं विचारलं. "घट्ट का पातळ?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मी चार वर्षं त्या मुलखात होतो, पेज मी हजार वेळा पाहिली होती. याडीच्या वाटीतली पाहिली नव्हती.

"मले मालूम नाही, बाई."

जमनीनं माझ्याकडे पाहिलं. दहा महिन्यांत प्रथमच तिनं माझ्याकडे असं पाहिलं, मी लहान असताना पडून गुडघा फोडून घ्यायचो तेव्हा पाहायची तसं, रागानं आणि मायेनं. मग तिनं मान खाली घातली.

"मंग पातळच करतो," ती म्हणाली. "सोतासाठी तिनं कधी घट्ट केलं असंन का?"